समोरासमोरच्या दोन सपऱ्या

लग्न होऊन या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात गल्लीत माझं नाव खराब झालं. कारण एवढंच की मी खरं बोलले.

सपरीत बसून मेथी निवडत होते. सपरी म्हणजे आमच्याकडे घराच्या तोंडाशी असलेली जागा. वर कवेलूचं उतरतं छप्पर, खाली शेणानं सारवलेला ओटा, पुढे सागाचे खांब, आणि भिंत मात्र नाही. घर तिथं पुरतं संपलेलं नसतं आणि गल्ली पुरती सुरू झालेली नसते. तर मी बसले होते, आणि नात्यानं चुलत सासरे लागणारे एक म्हातारे काठी टेकत आले, माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "का वो पोरी, भाजी निवडून राहिली का?"

मी गोंदिया शहरातली. आमच्या मोहल्ल्यात असं कोणी विचारलं की "दिखता नहीं क्या?" हेच उत्तर असायचं आणि दोघंही हसायचे. मी पदर सावरून म्हणाले, "तुम्हाले दिसून नाही राहिलं का?"

म्हातारे तसेच उभे राहिले, मग निघून गेले. दुपारपर्यंत तळ्याच्या घाटावर, गिरणीवर, सगळीकडे झालं की गोंदियावाली म्हाताऱ्याच्या तोंडाला लागली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. माझं नाव त्या दिवसापासून जे गोंदियावाली पडलं ते आजपर्यंत.

संध्याकाळी समोरच्या सपरीतून माझी मोठी चुलत जाऊ उठून आली. ती सालेकसा भागातली. कचारगडाच्या डोंगराकडची म्हणून पायांनी काटक, आणि बोलणं असं की समोरच्याला घाम फुटावा. मी तिला बाई म्हणायची. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन वो, तुह्या जिभेले काही हाड आहे का नाही? तो म्हातारा रोज विचारते. रोज 'हाव' म्हनायचं. तुह्या बापाचं काय जाते?"

"पण दिसतंय ना त्यांना!"

"दिसते म्हनूनच तं विचारते! नाही दिसलं तं कोनाले विचारन?"

दुसऱ्या दिवशी म्हातारे आले, तेव्हा मी मुकाट 'हाव' म्हणाले.

मग हळूहळू गल्लीचा कायदा मला कळला. सपरीत माणूस बसलेलं असेल तर त्याच्यासमोरून मुक्यानं जायचं नाही. काहीतरी विचारायचं, आणि शक्यतो डोळ्यांना दिसतंय तेच विचारायचं. बसली का? बसली. आंघोळ झाली का? झाली. धान वाळू घातलं का? घातलं. विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर न घेता पुढे जाणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. ज्यांचं भांडण असायचं ते एकमेकांच्या सपरीवरून जायचंच टाळायचे, घरामागच्या पांदणीनं चिखल तुडवत जायचे. मागून कोण चाललंय हे पाहिलं की गावात कोणाचं कोणाशी फाटलंय ते समजायचं.

आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी गावोगाव तळी बांधली, असं लोक म्हणतात आणि आम्हीही छाती फुगवून सांगतो. पण ही गल्ली बांधणाऱ्यांचं कौतुक कोणी केलं नाही. गल्ली एक बैलबंडी जाईल एवढी. ओट्याची उंची अशी की डोक्यावरचा भारा न वाकता टेकवता यावा. छप्पर इतकं खाली आलेलं की सपरीत शिरणाऱ्याची मान आपोआप वाकावी, मग तो सावकार का असेना. आणि मधोमध चिंचेपाशी एक वळण. त्या वळणामुळे समोरून कोण येतंय ते दिसायचं नाही, एकदम अंगावर यायचं. चुकवायचं म्हटलं तरी माणूस चुकवता यायचा नाही. पाण्याला थांबायला जागा दिली तर ते गावात राहतं, हे ज्यांना कळत होतं त्यांना माणसाचंही कळत असावं. मुद्दाम केलं की आपसूक झालं, मला सांगता येणार नाही.

बाईची सपरी माझ्यासमोर. मध्ये ती एवढीशी गल्ली. मी अंगणवाडीत सेविका होते; तिथून परत आले की सूप घेऊन बसायची, ती तिकडे लाखोरीची डाळ पाखडत असायची. आवाज न वाढवता बोलता यायचं. सासूच्या कागाळ्या, नवऱ्याचे ताप, कोणाची गाय व्याली, कोणाची पोरगी पळाली, सगळं त्या गल्लीवरून इकडून तिकडे झालं. मधून कोणी गेलं की आम्ही थांबायचो, "कोठी चालला गा?" म्हणायचो, त्याचं उत्तर घ्यायचो आणि सोडलेला धागा तिथूनच उचलायचो. माझी पोरगी त्या दोन सपऱ्यांमध्ये रांगली. तिला पहिला घास कोणत्या सपरीत भरवला, यावर बाईचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही.

माझा नवरा गेला तो छातीत कळ येऊन. भर दुपारी. जीप गल्लीत येईना, ती मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. बाजेवर घालून नेलं. उचलली तेव्हा शेजारचे तीन-चार जण होते. पण प्रत्येक सपरीतून माणूस उठत गेला, न बोलावता खांदा बदलत गेला, आणि चिंचेच्या वळणाशी बाजेखाली हात मावेनात. बाई त्यांचे पाय धरून सोबत पळत होती आणि मोठ्यानं म्हणत होती, "भाऊ, डोळे उघडे ठेव, पाय आपटू नको, पोहोचलो, पोहोचलो." जीपमध्ये घातल्यावर गोंदियाच्या वाटेवर ते गेले. थोडं आधी आणलं असतं तर, असं दवाखान्यात म्हणाले. दवाखान्यात हे सगळ्यांनाच म्हणतात. तरी ते वाक्य माझ्या छातीवर बसलं ते बसलंच.

बाईचा नवरा त्याआधीच गेला होता. तिचा एकुलता मुलगा नागपूरला नोकरीला, माझी पोरगी लग्न होऊन सासरी. मग आम्ही दोघी, आणि मधली गल्ली.

एका दिवाळीला तो मुलगा आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काकू, आईला मी कुठे नोकरी करतो ते सांगता येत नाही. नातवाचं नाव सांगता येत नाही. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी चिडले. म्हटलं, "काहीतरीच काय बोलतोस! आमच्याशी तर नीट बोलते."

आणि ते खोटं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरनं त्या विसरण्याला मोठं नाव दिलं आणि वर्षा-दोन वर्षांपासून असावं असं सांगितलं, तेव्हा सगळी गल्ली थक्क झाली. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. मग उलगडलं. आम्ही तिला कधी असं काही विचारलंच नव्हतं की जे तिला आठवावं लागेल. बसली का? बसली. वारं सुटलं का? सुटलं ना बापा. उत्तर प्रश्नातच असायचं, ते तिनं फक्त उचलायचं. ज्या प्रश्नांना मी नवी नवरी असताना मूर्खपणा म्हटलं होतं, त्यांच्या आधारानं ती बाई गल्लीत शहाणी म्हणून जगत होती. मला तेव्हा फार रडू आलं.

मुलगा तिला न्यायला तयार होता. दोनदा नेलंही. तिथं वरच्या मजल्यावर ती खिडकीला धरून उभी राहायची आणि खालून जाणाऱ्यांना विचारायची, ते वर बघायचे नाहीत. जेवण सुटलं. परत आणून सोडलं तर तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून दूधवाल्याला दटावत होती.

एकदा सकाळीच लोटा घेऊन निघाली. मी माझ्या सपरीतून पाहत होते. पहिल्या घरी विचारलं, "कोठी चालली वो बाई?" म्हणाली, "माहेरी." पुढच्या घरी विचारलं, "आता कायले?" म्हणाली, "बाबा बिमार आहेत." तिचे वडील जाऊन जमाना झाला होता. त्याच्या पुढच्या सपरीतल्या म्हातारीनं ते ऐकलं होतं. ती तिला खोटी पाडायला गेली नाही. म्हणाली, "मंग चहा पिऊन जा ना, लांब जायचं आहे." बाई बसली. चहा प्यायली. चहा पिता पिता माहेर विसरली, आणि येताना त्याच लोकांना "बसल्या का?" विचारत घरी आली. तिला कोणी हात धरून आणलं नाही. मला वाटलं, हे असंच चालणार, आम्ही दोघी अशाच सपरीत बसून म्हाताऱ्या होणार आणि तिला काही होणार नाही.

मग रस्ता मंजूर झाला.

सिमेंटचा, रुंद, दोन्ही बाजूंना नाल्या. मोजणी झाली. सगळ्या सपऱ्या रस्त्यात येत होत्या. चिंचेचं वळणही काढायचं होतं, रस्ता कसा बाणासारखा सरळ पाहिजे. ग्रामसभेत मी उभी राहिले. मला सभेत बोलायची भीती नाही, अंगणवाडीची पोरं वळवण्यात जन्म गेला. म्हटलं, "रस्ता पाहिजे, कोण नाही म्हणतंय? पण घरांमागची पांदण आहे ना, ती रुंद करा. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, सगळं मागून जाऊ द्या. समोरची गल्ली माणसांना राहू द्या. या सपऱ्या गेल्या तर बसणार कोठी? आणि समोरच्या बाईचं काय होईल?"

पोरं हसली. एक म्हणाला, "काकी, बसायले रस्ता पाहिजे का जायले?"

सरपंच हसला नाही. तो माझ्याच अंगणवाडीत नाक ओढत खिचडी खाल्लेला पोरगा. खाली मान घालून म्हणाला, "काकी, वाईट नको मानू. पन काकाले बाजेवर न्यावं लागलं ना? ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली असती तं?"

मी खाली बसले. त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. कोणाचंच काही चुकलं नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. कोणी बदमाश असता तर त्याच्या नावानं बोटं तरी मोडली असती.

जेसीबी आला त्या दिवशी बाई माझ्याजवळ उभी होती. कवेलू फुटत होते, धुरळा उडत होता. तिनं विचारलं, "हे कोनाचं घर पाडून राहिले वो?"

"आपलंच, बाई."

"असं का," म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "कोनाचं घर पाडून राहिले?" मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती विचारत होती आणि प्रत्येक वेळी तिला नव्यानं वाईट वाटत होतं.

रस्ता झाला. चांगलाच झाला, खोटं कशाला बोलू? पाय चिखलात जात नाहीत. पण घरांच्या दारात एकदम रस्ता आला. मोटारसायकली सुसाट, धूळ घरात, मोकाट ढोरं स्वयंपाकघरापर्यंत. एकानं भिंत घातली, मग दुसऱ्यानं. मग लोखंडी फाटकं. बाईच्या मुलानंही भिंत बांधली, फाटक बसवलं, दिवसभर सोबतीला एक कामवाली ठेवली, आणि फाटकावर कॅमेरा लावला. नागपुरात बसून मोबाईलवर आईला बघता यावं म्हणून. बिचाऱ्यानं काय करायचं बाकी ठेवलं? माझी पोरगीही मागे लागली, "आई, एकटी राहतेस, फाटक लावून घे." मी पत्र्याचं लावलं. पत्र्याचं म्हणजे आतून बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरून आतलं.

मी रोज बाईकडे जायची. पण भेटायला जाणं वेगळं आणि दिसत राहणं वेगळं. भेटायला जायचं तर लुगडं नीट करा, दाराला कडी लावा, रस्ता बघून ओलांडा, फाटक वाजवा. गेल्यावर बोलायचं काय? मधून कोणी जातच नव्हतं की ज्याच्यावर बोलावं. ती खुर्चीत बसून फाटकाकडे बघायची, मी तिच्याकडे. हळूहळू तिचे शब्द कमी झाले. एके दिवशी मला म्हणाली, "तू कोन वो?" आयुष्य समोरासमोर काढलं आणि तू कोन! मला इतका मार कशाचाच बसला नव्हता. परत निघताना सवयीनं मी म्हणून गेले, "बसली का वो बाई?" आणि ती लगेच, अगदी पूर्वीच्या ठसक्यात म्हणाली, "बसली ना! ये, तू बी बस." मग मी रोज तेच विचारायला लागले. तेवढं एक दार तिच्यात उघडं राहिलं होतं.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. धानाची कापणी चालू होती, गाव सगळं शेतात, धानाच्या बांध्यांत. घराघराची फाटकं बंद. मी घरात भिजवलेल्या लाखोरीची डाळ मिक्सरमधून काढत होते, वडे करायचे होते, बाईलाही नेणार होते. तेवढ्यात पत्र्यावर धाडधाड झालं. बाईच्या सोबतीला ठेवलेली कामवाली होती, तोंडाचं पाणी पळालेलं. ती मागे कपडे वाळत घालायला गेली होती. परत आली तर खुर्ची रिकामी, फाटकाची कडी काढलेली.

मी रस्त्यावर आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो. कोणी नव्हतं. विचारायचं कोणाला? पूर्वी पहिल्या सपरीत सांगितलं असतं, हो, आताच गेली, माहेरी जाते म्हणाली. मी फाटकं बडवत सुटले. आतून घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या टीव्हीचे आवाज. कोणी पाहिली नाही. कोणीच पाहिली नाही.

शेतावरून माणसं धावत आली. ऊन उतरायच्या आत ती तळ्यावर सापडली, जुन्या घाटापाशी, जिथं आम्ही नव्या नवऱ्या असताना धुणं घेऊन जायचो. पाणी फार नव्हतं तिथं. तिला पुरेसं होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, आणि गोंदियाहून तिला परत आणली ती ॲम्ब्युलन्सनं. ॲम्ब्युलन्स रस्त्यावरून सरळ आली, कुठे अडली नाही, तिच्या फाटकाला लागून उभी राहिली. सरपंच माझ्याकडे बघू शकला नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

दिवस झाल्यावर मुलगा निघायच्या तयारीत होता. मला बोलावलं. मोबाईल पुढे धरला. म्हणाला, "काकू, कॅमेऱ्यात आहे. मी एकट्यानं बघितलं. एक गोष्ट मला समजत नाही. तुम्ही बघाल का?"

मी चष्मा पुसला. बाई फाटकातून बाहेर आली. गल्लीत निघताना आम्ही घेतो तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. एक मोटारसायकल गेली, ती मागे सरली. दुसरी गेली, त्यावरच्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. मग ती रस्ता ओलांडून आली आणि माझ्या फाटकासमोर उभी राहिली. तिचे ओठ हलले. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही. ती उभी राहिली, मान जराशी कलती करून, कान देऊन. पुन्हा ओठ हलले. पुन्हा उभी. किती वेळ उभी होती माझी माय! मग वळली आणि तळ्याच्या बाजूला निघून गेली, कॅमेऱ्याबाहेर.

"काय म्हणत असेल ती?" मुलगा म्हणाला. "आणि थांबली कशाला इतकी?"

मी त्याला सांगितलं. म्हटलं, बसली का वो, असं विचारत होती ती मला. आणि आमच्याकडे उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाहीत, म्हणून थांबली होती.

तो रडायला लागला. मी पत्र्याच्या त्या फाटकाकडे बघत होते. मी त्याच्यामागे बसलेलीच होते, चार हातांवर, आणि मिक्सर चालू होता.